थरांत धरलेला धातू : प्रस्तावना

एथिलीन आणि प्रोपिलीन या दोन वायूंच्या रेणूंत फरक एका कार्बनचा. एथिलीन ऑक्सिजनबरोबर तापलेल्या चांदीवरून नेले की एथिलीन ऑक्साइड मिळते. ही वाट १९३१ साली फ्रान्समध्ये लफोर यांनी दाखवली आणि १९३७मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडने तिच्यावर कारखाना चालवला. त्याच चांदीवरून प्रोपिलीन नेले, तर त्यातला मोठा भाग जळून जातो. हाती लागतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दुहेरी बंधाला लागून असलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन सहज सुटतात. ऑक्सिजन बंधाकडे वळण्याआधी त्यांनाच ओढून काढतो, आणि एकदा तिथे सुरुवात झाली की रेणू शेवटपर्यंत जळत जातो. एथिलीनमध्ये असे हायड्रोजन नाहीत, म्हणून ते वाचते.

प्रोपिलीन ऑक्साइडसाठी मग दीर्घकाळ क्लोरीनचा आडमार्ग धरावा लागला. प्रोपिलीन, क्लोरीन आणि पाणी यांपासून क्लोरोहायड्रिन करायचे आणि चुन्याची निवळी घालून त्यातला क्लोरीन पुन्हा काढून टाकायचा. अणुभारांचा साधा हिशेब केला तर एक टन प्रोपिलीन ऑक्साइडमागे सुमारे दोन टन कॅल्शियम क्लोराइड तयार होते, आणि तेही भरपूर पाण्यात विरघळलेले. ज्या क्लोरीनसाठी एवढा खटाटोप करायचा, त्याचा एक अणूही विकायच्या मालात नसतो.

अल्कीनच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एकच अणू नेमका बसवायचा, बाकीच्या रेणूला धक्का लावायचा नाही आणि मागे कमीत कमी कचरा ठेवायचा, अशी ही मागणी आहे. ती पुरी करायला बहुतेक वेळा धातू लागतो. हा धातू द्रावात मोकळा न सोडता मातीच्या थरांत बसवून वापरता येईल का, हा या पुस्तकाचा विषय. गेल्या चार दशकांत यावर पुष्कळ काम झाले आहे. त्यातले बहुतेक लेखन धातूच्या पराक्रमाचे आहे: अमुक धातू, अमुक तास, इतके टक्के उतारा. या पुस्तकाचा भर मात्र धरून ठेवण्यावर आहे. टायटॅनियम, व्हॅनेडियम, मँगनीज काय करू शकतात हे आपल्याला आधीपासून ठाऊक होते. माती त्यांना काम चालू असताना धरून ठेवते का, आणि धरताना स्वतः काय उद्योग करते, हे सिद्ध करावे लागते. या विषयाची खरी परीक्षा तिथे होते.

प्रयोगशाळेतली जुनी पद्धत पेरॉक्सी आम्लांची. रशियन रसायनज्ञ प्रिलेझायेव्ह यांनी १९०९ साली पेरॉक्सीबेंझोइक आम्ल वापरून अल्कीनपासून थेट इपॉक्साइड केले. म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन कार्बनांवर एकच ऑक्सिजन बसलेले तीन अणूंचे ताणलेले कडे. हे कडे उघडायला उतावीळ असते, म्हणूनच ते मोलाचे. त्यातून ग्लायकॉल होतात, रेझिने होतात, औषधांचे आणि सुगंधी द्रव्यांचे मधले टप्पे गाठता येतात. आजही प्रयोगशाळेत मेटा-क्लोरोपेरॉक्सीबेंझोइक आम्ल सर्रास वापरतात. ते धातूवाचून चालते आणि बेभरवशाचेही नाही. पण स्टायरीनपासून एक किलो स्टायरीन ऑक्साइड केले तर मागे सुमारे १.३ किलो क्लोरोबेंझोइक आम्ल उरते. ग्रॅमभर माल करताना ते खुपत नाही; टनावारी करताना तोच मुख्य खर्च होऊन बसतो. रॉजर शेल्डन यांनी १९९२च्या सुमारास एक किलो मालामागे किती किलो कचरा निघतो ते मोजण्याची साधी रीत मांडली. मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांत हा आकडा साधारण एक ते पाच, सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास, औषधांत पंचवीस ते शंभर आणि त्याहूनही वर. माल जितका महाग, तितका कचरा जास्त, हे त्या तक्त्याने उघडे पाडले.

हायड्रोजन पेरॉक्साइड या हिशेबात उजवे ठरते, कारण ऑक्सिजन देऊन झाला की त्याचे पाणी होते. टर्शरी ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड मागे अल्कोहोल ठेवते; तेही वापरता किंवा विकता येते. मात्र ही दोन्ही द्रव्ये साध्या अल्कीनकडे एकटी फारशी बघत नाहीत. टायटॅनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन यांसारखा इलेक्ट्रॉनांना भुकेला धातू पेरॉक्साइडला जवळ ओढतो, त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध सैल करतो, आणि मग अल्कीनचे इलेक्ट्रॉन त्या ऑक्सिजनवर जाऊ शकतात. कोबाल्ट, लोह, तांबे यांची चाल बहुधा निराळी असते. ते पेरॉक्साइड फोडून मुक्त मूलक सोडतात आणि मूलकांना शेजारचे सैल हायड्रोजन अधिक आवडतात. सायक्लोहेक्झीन हे यासाठी उत्तम परीक्षक आहे. पहिल्या वाटेने गेले तर मुख्यतः इपॉक्साइड मिळते; दुसऱ्या वाटेने गेले तर सायक्लोहेक्झिनॉल आणि सायक्लोहेक्झिनोन. पात्रात काय निघाले यावरून आत कोणाची सत्ता होती ते कळते. पुढच्या प्रकरणांत हे उदाहरण पुन्हा पुन्हा येईल.

धातू द्रावात विरघळलेला असेल तर ही रसायने फार सुंदर चालतात. कात्सुकी आणि शार्पलेस यांनी १९८०मध्ये टायटॅनियम आणि टार्टरिक आम्लाचे एस्टर यांच्या जोडीने अलिलिक अल्कोहोलांचे इपॉक्साइड हव्या त्या हाताचे करून दाखवले. शार्पलेस यांना २००१च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला तो अशाच ऑक्सिडीकरणांसाठी. अडचण असते ती काम झाल्यावर. विरघळलेला धातू मालातून काढायचा कसा, परत वापरायचा कसा, आणि सांडपाण्यात गेला तर जबाबदारी कोणाची? म्हणून धातूला घन आधारावर बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांतला सर्वांत गाजलेला यशस्वी पदार्थ म्हणजे १९८३मध्ये इटलीत एनी कंपनीच्या संशोधकांनी पुढे आणलेले टायटॅनियम सिलिकॅलाइट, टीएस-१. यात टायटॅनियम सिलिकाच्या सांगाड्यातच विणलेले असते. याच पदार्थाच्या बळावर प्रोपिलीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून थेट प्रोपिलीन ऑक्साइड करणारा कारखाना २००८ साली दक्षिण कोरियात उल्सान येथे चालू झाला आणि क्लोरीनचा आडमार्ग टाळता येतो हे औद्योगिक पातळीवर सिद्ध झाले. पण टीएस-१ची छिद्रे जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची. प्रोपिलीन त्यात सहज जाते. पाइनीनसारखा अंगाने रुंद रेणू दाराशीच अडतो. सुगंधी द्रव्ये, औषधांचे मधले टप्पे, वनस्पती तेले या सगळ्यांना रुंद दालने हवीत. माती इथे उपयोगी पडते, कारण तिच्या थरांमधले अंतर आपल्याला ठरवता येते.

या कामात मुख्यतः वापरले जाणारे खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचा प्रत्येक थर तीन पत्र्यांचा असतो: वर आणि खाली सिलिकाचे, मध्ये अॅल्युमिनाचा. तिन्हींची मिळून जाडी एका नॅनोमीटरहून किंचित कमी. मधल्या पत्र्यात काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. तीन धनभाराच्या जागी दोन आले की थरावर ऋणभार उरतो, आणि तो फेडण्यासाठी थरांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन पाण्यासह येऊन राहतात. ते थराला पक्के जडलेले नसतात, विद्युत आकर्षणाने नुसते धरलेले असतात. म्हणून त्यांची अदलाबदल करता येते. १०० ग्रॅम मातीत साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट इतके आयन असे बदलता येतात. सगळी जागा दोन भाराच्या मँगनीजने भरली तरी १०० ग्रॅम मातीत धातू मावतो तो पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण थर पूर्ण सुटे झाले तर एक ग्रॅम मातीचा पृष्ठभाग सुमारे साडेसातशे चौरस मीटर भरतो. त्यावर धातूचे आयन एकमेकांपासून दूर, सुटेसुटे पसरतात. गुठळी झालेल्या धातूपेक्षा असा एकटा आयन बहुधा अधिक नेमके काम करतो.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला या खनिजाच्या कुळाचा स्वभाव नव्याने सांगायला नको. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या कापसाच्या जमिनीत स्मेक्टाइट गटाचीच खनिजे भरलेली असतात. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. हे फुगणे आणि आकसणे थरांमधल्या पाण्याचेच असते. मात्र शेतातली माती उचलून उत्प्रेरक होत नाही. तिच्यात चुनखडी, लोहाची ऑक्साइडे, सेंद्रिय द्रव्य आणि वाळू असते. उद्योगाला लागते ते माँटमोरिलोनाइटने भरलेले बेंटोनाइट. भारतात त्याचे मोठे साठे कच्छ आणि बाडमेर भागांत आहेत. तेही निवळून, बारीक कण वेगळे करून, सोडियमच्या रूपात आणूनच कामाला घ्यावे लागते.

उत्प्रेरक म्हणून मातीचा पहिला मोठा पराक्रम ऑक्सिडीकरणाचा नव्हता. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे सन ऑइलच्या शुद्धीकरण कारखान्यात यूजीन हूद्री यांची पद्धत पूर्ण प्रमाणावर चालू झाली. आम्लाने चेतवलेल्या मातीवरून जड तेलाची वाफ नेऊन पेट्रोल काढणारी ही पद्धत. पुढे कृत्रिम सिलिका-अॅल्युमिना आणि १९६०च्या दशकात झिओलाइट आल्यावर मातीची ती जागा गेली. पण मातीचे आम्लपण किती कामाचे असू शकते ते तोवर सगळ्यांना कळले होते. हीच आम्ल-चेतित माती जर्मनीच्या सूद-केमी कंपनीच्या के-१० या नावाने प्रयोगशाळांत पोहोचली. १९८०च्या दशकात बेल्जियममध्ये पिएर लास्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर फेरिक नायट्रेट चढवून क्लेफेन तयार केले. अल्कोहोलांचे ऑक्सिडीकरण त्याने झटपट होई. पण क्लेफेनमधले नायट्रेट वापरले की संपते, आणि ते साठवूनही ठेवता येत नाही. म्हणून काटेकोर अर्थाने ते उत्प्रेरक नव्हे, अभिकारक होते. लास्लो यांच्याच गटाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला निकेल अॅसिटिलअॅसिटोनेट के-१०वर बसवून क्लेनिअॅक केले आणि साध्या ऑक्सिजनने अल्कीनचे इपॉक्साइड करून दाखवले. आपला विषय खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

क्लेनिअॅकच्या पद्धतीत एक भागीदार पडद्यामागे असतो. मुकाइयामा यांनी रुळवलेल्या या वाटेत ऑक्सिजनबरोबर आयसोब्यूटिराल्डिहाइडसारखा आल्डिहाइड घालावा लागतो. ऑक्सिजन आधी त्याच्यावर बसून पेरॉक्सी आम्ल होते, आणि ते अल्कीनला ऑक्सिजन देते. ऑक्सिजन हवेतला असला तरी आल्डिहाइड विकतचा आहे, आणि त्याचे शेवटी आम्ल होते. सायक्लोहेक्झीन ऑक्साइडचा एक किलो काढला तर किमान ०.९ किलो आयसोब्यूटिरिक आम्ल निघणारच. आल्डिहाइड जास्त घालायची रीत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. नुसते ‘हवेने ऑक्सिडीकरण’ असे लिहिणाऱ्या लेखाला हा हिशेब विचारायला हवा.

धातू मातीत बसवण्याच्या वाटा चार. पहिली आयनांच्या अदलाबदलीची, दुसरी क्षार वरून मुरवण्याची. तिसरी खांब उभे करण्याची. अॅल्युमिनियमच्या क्षाराचे नियंत्रित जलापघटन केले की तेरा अॅल्युमिनियम अणूंचा, सात धनभारांचा गोळीवजा आयन तयार होतो. तो थरांत शिरवून माती ४०० ते ५०० अंशांवर भाजली की त्याचा ऑक्साइडचा खांब होतो आणि थर कायमचे दूर राहतात. एका थराच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंतचे अंतर साधारण १.८ नॅनोमीटर होते. थराची जाडी वजा केली तर मधली मोकळी उंची ०.८ नॅनोमीटरच्या वर उरते. खांब अॅल्युमिनियमचेच असले पाहिजेत असेही नाही. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत बी. एम. चौधरी यांच्या गटाने १९९०मध्ये व्हॅनेडियमच्या आणि टायटॅनियमच्या खांबांच्या मातीवर अलिलिक अल्कोहोलांचे इपॉक्साइड केले. टायटॅनियमच्या बाबतीत टार्टरेटच्या साथीने, म्हणजे शार्पलेस यांचे रसायन द्रावातून काढून मातीच्या दालनात नेले. या पुस्तकाच्या दृष्टीने तो मोठा टप्पा आहे. इथे खांब हाच धातू असतो, त्यामुळे धरून ठेवण्याचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटतो.

चौथी वाट सबंध धातुसंकुलच आत नेण्याची. मँगनीज पॉर्फिरिन किंवा मँगनीज सॅलेन यांवर धनभार असतो, म्हणून ती ऋणभारित थरांत आपसूक बसतात. स्पेनमध्ये झारागोझा येथे फ्रायले, गार्सिया आणि मायोराल यांच्या गटाने कृत्रिम लॅपोनाइटसह वेगवेगळ्या मातींवर मँगनीज सॅलेन बसवून पाहिले. इथे माती नीट धरते, पण धरलेले संकुल स्वतःच सेंद्रिय असल्याने हळूहळू ऑक्सिडीकरणाला बळी पडते. याशिवाय उलट भाराची एक माती आहे, हायड्रोटॅल्साइट. तिच्या थरांवर धनभार असतो आणि मध्ये ऋण आयन राहतात. चौधरी यांच्याच गटाने ऑस्मेट आयन या थरांत बांधून अल्कीनचे डायॉल केले. ऑस्मियम टेट्रॉक्साइड बाष्पनशील आणि डोळ्यांना घातक आहे. तिथे बांधून ठेवणे ही सोय नव्हे, गरज असते.

माती तटस्थ नाही, हे विद्यार्थ्यांनी प्रथम मनात धरावे. थरांमधले उरलेसुरले पाणी धातूच्या आयनाशेजारी इतके ताणले जाते की ते प्रोटॉन सहज सोडते. माती जितकी कोरडी, तितके हे आम्लपण तीव्र. धातूने कष्टाने केलेले इपॉक्साइड हेच आम्ल उघडून डायॉल करून टाकते. कधी हे नुकसान असते, तर कधी सोय. पाइनीन ऑक्साइड आम्लाने उलगडून कॅम्फोलेनिक आल्डिहाइड होते, आणि चंदनी वासाच्या अनेक सुगंधी रसायनांची सुरुवात तिथून होते. नैसर्गिक मातीतले लोहही स्वस्थ बसत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड अल्कीनपर्यंत पोहोचण्याआधीच फोडून त्याचा ऑक्सिजन हवेत सोडते. म्हणून ज्या शोधनिबंधात धातूविना नुसत्या मातीचा प्रयोग दिलेला नाही, त्यातला उतारा कोणाचा हे ठरवता येत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे. १९९८मध्ये शेल्डन आणि सहकाऱ्यांनी द्रव अवस्थेतल्या ऑक्सिडीकरणाच्या घन उत्प्रेरकांवर एक लेख लिहिला आणि त्यांना परीस म्हणावे की ट्रोजन घोडा, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. त्यांचे म्हणणे असे: घन उत्प्रेरक म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेच काम घनातून सुटून द्रावात आलेला धातू करत असतो. पेरॉक्साइड आणि तयार होणारी आम्ले धातूला सोडवण्यात पटाईत असतात. अदलाबदलीने बसवलेल्या मातीत ही भीती जास्त, कारण जो आयन बदलून आत गेला तो दुसऱ्या आयनाने बाहेरही येऊ शकतो. क्लेनिअॅकसारख्या पद्धतीत तर आम्ल पात्रातच तयार होत असते.

यावरची कसोटी म्हणजे गरम असतानाच गाळणे. काम अर्ध्यावर असताना, त्याच तापमानाला घन वेगळा करायचा आणि उरलेल्या द्रावात काम पुढे चालते का ते पाहायचे. थंड करून गाळले तर सुटलेला धातू परत घनावर बसू शकतो आणि चोर पकडला जात नाही. मूलकांची साखळी एकदा सुरू झाली की ती धातूवाचूनही काही काळ चालते, म्हणून द्रावातला धातू मोजावाही लागतो. मातीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तिचे थर इतके पातळ असतात की सुटे होऊन ते गाळण कागदातून निघून जातात. गाळलेला द्राव स्वच्छ दिसला तरी त्यात घन शिल्लक असू शकतो. पुनर्वापराच्या आलेखांकडेही सावधपणे पाहावे. दर वेळी एक टक्का धातू गळाला, तर पाच वेळांनंतरही पंचाण्णव टक्के धातू शिल्लक असतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबले तर पाचही वेळा उतारा सारखाच दिसतो. ऱ्हास पाहायचा असेल तर काम अर्ध्यावर असतानाचा वेग मोजायला हवा.

हा विषय मराठीत आणण्यामागे वाचकवर्गाचाही विचार आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम सिलिकेटांवर केलेले काम जगभर उद्धृत होते. तारापूर, लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत सूक्ष्म रसायने आणि औषधांचे मधले टप्पे बॅच पद्धतीने करणारे कारखाने आहेत. तिथे काम करणारे अनेक रसायनज्ञ मराठी माध्यमातून शिकून आलेले असतात. बॅचच्या पात्रात धातू गाळून वेगळा करता आला, तर मालही स्वच्छ होतो आणि सांडपाणीही. तो खरोखर वेगळा झाला का हे पाहण्याची नजर त्यांच्याजवळ असावी, एवढ्यासाठी कसोट्यांचे प्रकरण मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे. परिभाषेत रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. प्रयोगशाळेत जे बोलले जाते ते छापायला संकोच केलेला नाही.

पुढची प्रकरणे धातूवार लावलेली आहेत. प्रत्येक उदाहरण वाचताना वाचकाने चार गोष्टी विचाराव्यात. ऑक्सिजन कुठून आला आणि देणाऱ्याचे मागे काय उरले? नुसत्या मातीने किती काम केले? काम संपल्यावर धातू कुठे होता, आणि ते कसे मोजले? पाचव्या खेपेला सुरुवातीचा वेग पहिल्या खेपेइतकाच होता का? चारही उत्तरे देणारा उत्प्रेरक साठ टक्के उतारा देत असेल, तरी उत्तरे न देणाऱ्या नव्वद टक्क्यांपेक्षा तो कारखान्याच्या दाराशी जास्त जवळ आहे.